आलेल्या फोनचे पैसे कोणी भरायचे?

आज आपण एका सवालाची गोष्ट सांगणार आहोत. सवाल आमच्याच एका गटाच्या बैठकीत निघाला. बचत जमा झाली, हप्ते लिहून झाले, सह्या-अंगठे झाले आणि सगळ्या उठणार, तेवढ्यात एका मावशींनी कमरेच्या पिशवीतून बटणाचा फोन काढला. म्हणाल्या, "बघा गं पोरींनो, पंधरा दिवस झाले, याला एक फोन येईना. माझा ल्योक मुंबईला. रोज सांजच्याला त्याचा फोन येतो म्हणजे येतो. रुसला का काय माझ्यावर?"

लेक रुसला नव्हता. तो रोज लावत होता, पण फोन लागत नव्हता. मावशींच्या खात्यात चाळीस रुपये शिल्लक होते, पण रिचार्जची मुदत संपली होती. पैसे आहेत, मुदत नाही, म्हणून कंपनीने आधी जाणारे फोन बंद केले आणि मग येणारेही. हे आम्ही समजावून सांगितलं, तेव्हा मावशी म्हणाल्या, "पर मी फोन करतच न्हाई कुणाला. मला नुसता येतो. आलेल्या फोनचंबी पैसं भरायचं व्हय?"

आम्ही गप्प झालो. हसण्यावारी नेण्यासारखा सवाल नव्हता तो. आपल्या देशात मोबाइल आला तेव्हापासून हाच सवाल पुन्हा पुन्हा निघाला आहे. त्याचं उत्तर कधी आपल्या बाजूने लागलं, कधी विरुद्ध. म्हणून ही गोष्ट पहिल्यापासून सांगतो.

आमचा पाटणचा डोंगरपट्टा. घरटी एक माणूस मुंबईला, कुणी माथाडी, कुणी गिरणीत, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. खुशाली यायची ती पत्राने आणि पैसे यायचे ते मनीऑर्डरने. तार आली म्हटलं की वाचायच्या आधीच रडारड सुरू व्हायची. पत्राचा एक नियम सगळ्यांना ठाऊक होता. तिकीट पाठवणाऱ्याने लावायचं. कुणी तिकीट न लावता पत्र टाकलं तर ते 'नॉटपेड' व्हायचं आणि घेणाऱ्याला दुप्पट दंड भरून सोडवावं लागायचं. नॉटपेड पत्र पाठवणाऱ्याला सगळं गाव नावं ठेवायचं. हा नॉटपेडचा नियम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग गावात एखाद्या दुकानदाराकडे, नाहीतर पोस्टात फोन आला. १९८४ मध्ये केंद्र सरकारने सी-डॉट ही संस्था काढली. तिने धुळीत, उन्हात, वातानुकूलित खोलीशिवाय चालणारं छोटं टेलिफोन एक्सचेंज तयार केलं, १२८ लाइनींचं. त्यामुळे खेड्यांपर्यंत फोन पोचणं सोपं झालं. लग्नपत्रिकेवर नंबर छापायचा आणि पुढे कंसात 'पीपी' लिहायचं, म्हणजे हा फोन शेजारच्याचा, तिथे निरोप द्या. मुंबईहून फोन आला की दुकानदाराचं पोरगं पळत यायचं, "काकू, तुमचा फोन! दहा मिनिटांनी परत लावतो म्हणालेत." काकू भाकरी तव्यावर टाकून पळायच्या. पुढे पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. रात्री उशिरा दर कमी व्हायचा, म्हणून बूथपुढे रात्रीच रांग लागायची. पण एक गोष्ट बघा. या सगळ्या काळात, फोन कुणाचाही असो, ऐकणाऱ्याला एक पैसा पडत नव्हता. पैसे लावणाऱ्याचे, पत्राच्या तिकिटासारखेच.

३१ जुलै १९९५ रोजी भारतात पहिला मोबाइल फोन लागला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कोलकात्याहून दिल्लीला दळणवळण मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या वेळी मोबाइलचा दर मिनिटाला १६ रुपयांच्या आसपास होता. शेतमजूर बाईची दिवसभराची मजुरी दोन मिनिटांत उडून गेली असती. त्याहून वाईट म्हणजे फोन लावणाऱ्यालाही पैसे आणि घेणाऱ्यालाही पैसे. म्हणजे प्रत्येक फोन नॉटपेड! ज्यांच्याकडे तेव्हा मोबाइल होता ते नंबर बघायचे, फोन कापायचे आणि जवळच्या बूथवर जाऊन परत लावायचे. हातात मोबाइल आणि बोलायला बूथ, असा तो उफराटा काळ होता.

इथे जरा शेजारच्या बांगलादेशात डोकावू, कारण ती गोष्ट आपल्यासारख्या गटातल्या बायांची आहे. १९९७ मध्ये तिथे ग्रामीणफोन ही कंपनी सुरू झाली. ग्रामीण बँकेच्या बायका बँकेकडून कर्ज काढून मोबाइल घ्यायच्या आणि गावाला मिनिटावर फोन विकायच्या. लोक त्यांना 'फोनवाली बाई' म्हणू लागले. आखातात गेलेल्या नवऱ्याचा फोन आला की ही बाई त्या घरी जाऊन बायकोला बोलावून आणायची. धान्याचा शहरातला भावही तिच्याच फोनवर विचारला जायचा. त्या कमाईतून कर्ज फिटायचं. पुढे फोन स्वस्त झाले, घरोघरी आले आणि हा धंदा मावळला. पण एक गोष्ट त्या बायकांनी दाखवून दिली. फोन गरिबाला परवडतो की नाही हे यंत्राच्या किमतीवर जेवढं ठरतं, तेवढंच पैसे कोण, कधी आणि कसे भरणार यावर ठरतं. हप्ता बांधून दिला तर गरीब बाई फोन घेते, चालवते आणि कर्जही फेडते.

त्याच १९९७ सालात आपल्याकडे ट्राय स्थापन झालं. ट्राय म्हणजे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, फोन कंपन्यांवर नियम घालणारी संस्था. १९९९ मध्ये नवं दूरसंचार धोरण आलं. सरकारला ठरलेली मोठी परवाना फी भरण्याऐवजी कंपन्यांनी उत्पन्नातला वाटा द्यायचा, असं ठरलं. दर उतरू लागले. २००२ मध्ये सरकारी बीएसएनएलनेही मोबाइल सेवा सुरू केली आणि चुरस वाढली.

मग १ मे २००३ हा दिवस आला. महाराष्ट्र दिन म्हणून तो आपल्याला पाठ आहे, पण फोनच्या इतिहासातही त्याला मोठं स्थान आहे. त्या दिवसापासून नवा नियम लागू झाला, जो फोन लावील त्याने पैसे भरायचे. इनकमिंग फुकट झालं. व्यवस्था अशी होती की फोन लावणाऱ्याकडून त्याची कंपनी पैसे घेणार आणि त्यातले काही पैसे फोन घेणाऱ्याच्या कंपनीला देणार. आधी मिनिटाला ३० पैसे, २००९ पासून २० पैसे. म्हणजे आपण नुसता फोन घेतला तरी आपल्या कंपनीला कमाई होत होती. नॉटपेड पत्र बंद झालं आणि तिकीट पुन्हा पाठवणाऱ्याने लावायचं ठरलं.

त्या एका नियमाने मोबाइल खेड्यात उतरला. २००३ च्या पावसाळ्यात एका कंपनीने ५०१ रुपये भरून फोन देण्याची योजना काढली. २००५ च्या अखेरीस 'लाइफटाइम' कार्डं आली. ९९९ रुपये एकदा भरा, इनकमिंग कायमचं. मार्च २००६ पासून बीएसएनएल आणि एमटीएनएलने सगळ्या देशात एक रुपया मिनिट असा दर लावला. २००९ मध्ये सेकंदाला एक पैसा आला. जानेवारी २०११ पासून देशभर नंबर न बदलता कंपनी बदलण्याची सोय झाली.

आपल्या बायकांनी या फुकट इनकमिंगचं काय केलं? आपण मिसकॉल शोधून काढला. एक रिंग म्हणजे पोचलो. दोन रिंगा म्हणजे एसटीत बसलो, भाकऱ्या टाका. तीन म्हणजे तू फोन लाव, माझ्याकडे पैसे नाहीत. माहेरची खुशाली, गिरणीत नंबर लागला का, गटाची बैठक भरली का, सगळं बिनपैशात. दहा रुपयांचं कार्ड महिनोन्‌महिने पुरायचं. आमच्या जुन्या गटांचा हिशोब असा मिसकॉलवरच चालायचा, हे आम्ही स्वतः पाहिलं आहे.

गंमत म्हणजे रिंग किती वेळ वाजावी यावरूनही पुढे भांडण झालं. तोवर कंपन्यांनी एकमेकींना द्यायचे पैसे मिनिटाला ६ पैशांवर आले होते. २०१९ मध्ये काही कंपन्यांनी रिंग २०-२५ सेकंदांवर आणली. लवकर फोन तुटला की समोरचा परत लावणार, आणि लावणाऱ्याच्या कंपनीने पैसे द्यायचे, असं त्यामागचं गणित होतं. त्यांच्या हिशोबात गोठ्यातून हात धुऊन येणारी बाई कुठे होती? शेवटी नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्रायने सांगितलं, मोबाइलची रिंग निदान ३० सेकंद वाजलीच पाहिजे.

आता गोष्ट उलटी फिरते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं. पहिले काही महिने सगळं फुकट होतं. पुढे बोलणं फुकट आणि पैसे नेटचे, अशी पद्धत सगळीकडे पडली. तरण्या पोरांना हे सोन्यासारखं वाटलं, आणि खरंच, १६ रुपये मिनिटापासून हवं तितकं बोलण्यापर्यंत आपण आलो, हे लहान काम नाही. काही जुन्या कंपन्या बुडाल्या, काही एकमेकींत मिसळल्या. उरलेल्यांवर कर्जाचा डोंगर झाला. मग त्यांचं लक्ष गेलं नुसतं इनकमिंगसाठी सिम ठेवणाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या मावशींकडे.

२०१८ च्या अखेरीस कंपन्यांनी किमान रिचार्ज आणला. २८ दिवसांना ३५ रुपये, नाहीतर आधी आउटगोइंग बंद आणि मग इनकमिंग बंद. 'लाइफटाइम' कार्डवाल्यांच्याही तोंडचं पाणी पळालं. खात्यात पैसे आहेत त्यांना नीट कळवा, लगेच तोडू नका, असं ट्रायने तेव्हा बजावलं. पण पद्धत मात्र राहिली. डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर, जुलै २०२४ असे दर चढत गेले. जुलै २०२४ च्या वाढीनंतर दोन मोठ्या कंपन्यांचा २८ दिवसांचा सर्वांत साधा प्लॅन १९९ रुपयांवर गेला. त्यात नेट होतं आणि हवं तितकं बोलणंही होतं. पण ज्या बाईला नेट लागत नाही आणि जी फोन लावतच नाही, तिलाही तेव्हा तेच १९९ भरावे लागायचे. जानेवारी २०२१ पासून कंपन्यांनी एकमेकींना द्यायचे पैसेही बंद झाले, म्हणजे आलेल्या फोनवर आपल्या कंपनीला आता काहीच मिळत नाही. कंपनीची बाजू हीच आहे, टॉवरला वीज लागते, माणसं लागतात, नुसतं ऐकणाऱ्याचा खर्च कोण देणार? त्यात तथ्य आहे. पण २८ दिवसांचा महिना कुठल्या पंचांगात आहे? २८ ने भागलं की वर्षाला बाराऐवजी १३ रिचार्ज होतात. त्यावरही लोकांनी तक्रारी केल्या, तेव्हा २०२२ मध्ये ट्रायने नियम केला. प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा, आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारा, निदान एकेक प्लॅन ठेवलाच पाहिजे.

आता तुम्ही म्हणाल, नाही भरलं तर काय बिघडतं? बिघडतं, मैत्रिणींनो. पूर्वी फोन बंद पडला तर खुशाली थांबायची. आता आपला नंबर बँकेला जोडलेला, आधारला जोडलेला. गटाच्या खात्यावर सही करणाऱ्या बाईचा नंबर बँकेत. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी आली, तेव्हा आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येत होता. ज्यांचा नंबर बंद, त्या सेतू केंद्रावर नुसत्या बसून राहिल्या. ओटीपी म्हणजे तरी काय? तेही इनकमिंगच.

शेजारच्या गावच्या एका ताईंचं तर फारच वाईट झालं. नवऱ्याच्या आजारपणात आठ महिने रिचार्ज राहून गेलं. बंद पडलेला नंबर ९० दिवस कुणाला देत नाहीत, पण त्यानंतर दुसऱ्याला देऊ शकतात. तसा तो गेला. ताईंच्या बँकेचे मेसेज कुठल्यातरी अनोळखी मुलाकडे जाऊ लागले. तो मुलगा भला निघाला, त्याने बँकेला कळवलं. सगळेच तसे नसतात. ताईंना बँकेत दोनदा, आधार केंद्रावर तीनदा खेटे घालावे लागले आणि तितक्या दिवसांची मजुरी बुडाली.

पण गोष्ट इथे संपत नाही. जुलै २०२४ मध्ये ट्रायने लोकांची मतं मागवली आणि २३ डिसेंबर २०२४ रोजी नवा नियम काढला. ज्यांना नेट नको त्यांच्यासाठी नुसतं बोलणं आणि मेसेज एवढाच वेगळा प्लॅन प्रत्येक कंपनीने ठेवला पाहिजे. त्याची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते. २०२५ च्या सुरुवातीला असे प्लॅन आले. तेव्हा ८४ दिवसांचा ४५० ते ४७० रुपयांच्या घरात होता आणि दोन कंपन्यांचा पूर्ण वर्षाचा १८४९ रुपयांना होता. दर बदलत असतात, म्हणून भरण्याआधी विचारायचं. दुकानदार आपण होऊन हा प्लॅन सांगेलच असं नाही. "दादा, नेट नको, नुसता व्हॉइसचा प्लॅन सांगा," असं आपणच म्हणायचं.

आता त्या वेळच्या दरांनी हिशोब करू, आपल्याला हिशोबाची सवय आहे. १९९ चे १३ रिचार्ज म्हणजे वर्षाला २५८७ रुपये. वर्षाचा नुसता बोलण्याचा प्लॅन १८४९. वाचले ७३८. पण १८४९ रुपये एकदम कुठून आणायचे? इथे बांगलादेशातली फोनवाली बाई आठवा. आमच्या गटाने ठरवलं, ज्या मावशींना हवा त्यांना गटातून अंतर्गत कर्ज द्यायचं. महिन्याला १५५ रुपये मुद्दल फेडायचं. गटाचं व्याज धरलं तरी काहीशे रुपये हातात उरतात आणि वर्षभर मुदतीचा घोर नाही. व्हॉट्सॲप किंवा फोनवरून पैसे पाठवणं वापरणाऱ्या बाईला मात्र नेट लागणार. तिने हा प्लॅन घेऊ नये, किंवा नेटचं वेगळं रिचार्ज किती पडतं ते आधी पाहावं.

प्लॅन स्वस्त, पण रेंजच नाही, तर काय उपयोग? आमच्या डोंगरात एका कंपनीचा फोन देवळाच्या पायरीवर लागतो, दुसरीचा पाण्याच्या टाकीवर. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने रेंज नसलेल्या २४,६८० गावांसाठी २६,३१६ कोटींची ४जी योजना मंजूर केली. आपलं गाव त्यात आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा. नसेल तर ग्रामसभेत ठराव घाला. आणि कंपनी बदलायची असेल तर शेजारणीचं त्या कंपनीचं सिम असलेला फोन आधी आपल्या स्वयंपाकघरात आणून बघा. रेंज बाजारात नाही, आपल्या घरात हवी. फोनही बघा. काही कंपन्यांचं सिम जुन्या २जी बटणाच्या फोनमध्ये चालत नाही. नाहीतर सिम फुकट आणि फोन दोन हजारांचा, असं व्हायचं.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची तर इंग्रजीत पोर्ट असं लिहून, एक जागा सोडून आपला नंबर लिहायचा आणि १९०० वर मेसेज करायचा. जो कोड येतो तो नव्या कंपनीच्या दुकानात द्यायचा, दुसऱ्या कुणालाही नाही. तक्रारीसाठी कंपनीचा १९८ हा नंबर आहे. तक्रार केली की तिचा क्रमांक मागून लिहून ठेवायचा.

शेवटचं आणि महत्त्वाचं. आम्ही आमच्या गटाच्या वहीत एक नवं पान सुरू केलं आहे. प्रत्येकीचा नंबर, सिम कुणाच्या नावावर, मुदत कधी संपते, कुठली बँक आणि आधार त्याला जोडलेलं आहे, एवढंच लिहायचं. पहिल्याच दिवशी कळलं की वीसपैकी अकरा जणींचं सिम नवऱ्याच्या, दिराच्या, नाहीतर लेकाच्या नावावर आहे. तो नंबर आपला म्हणायचा, पण हरवला तर नवं सिम त्यालाच मिळणार. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या ५४ टक्के बायकांनीच स्वतः वापरते असा फोन आहे म्हणून सांगितलं. खेड्यात तर निम्म्याहून कमी. त्यातलं सिम कितींच्या नावावर असेल, तुम्हीच विचार करा.

आमच्या मावशींचा नंबर वेळेत वाचला. त्याच सांजेला लेकाचा फोन आला. मावशी आधी त्याला रागावल्या आणि मग तासभर बोलल्या. पण त्यांचा सवाल आम्ही वहीच्या त्या पानावर सर्वांत वर लिहून ठेवला आहे. आलेल्या फोनचे पैसे का भरायचे? २००३ मध्ये याचं उत्तर एक होतं, २०१८ मध्ये दुसरं झालं आणि २०२४ मध्ये थोडं आपल्याकडे झुकलं. दर वेळी कुणीतरी विचारलं म्हणून ते बदललं. ट्राय पुढच्या वेळी मतं मागवील, तेव्हा आपल्या गटांचं एक पत्र तिथे गेलं पाहिजे, मराठीत, सह्या-अंगठ्यांनिशी.

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हे पान आपल्याही वहीत उघडा. आधी सगळ्यांत वयस्कर बाईचा फोन हातात घ्या आणि मुदत कधी संपते ते बघा.